दाविद, डिझेलला पाणी लागत नाही

दाविद, तुला मातीआड करून अजून आठवडा झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसलो आहे. दुसरं काही सुचत नाही. बायको म्हणते, मनात असेल ते लिहून काढा, नाहीतर डोक्यात साचून राहील. तिला काय सांगू, तुझ्याशी भांडल्याशिवाय माझा दिवसच जात नव्हता. इतकी वर्षं मालगाडीवर मी ड्रायव्हर आणि तू माझा फायरमन, पुढं डिझेल आलं तेव्हा माझा असिस्टंट. नगरहून गाडी सुटली की विळद यायच्या आत आपला पहिला वाद पेटलेला असायचा. आता त्यांनी मला नवा माणूस दिला आहे. बिचारा सगळ्याला हो म्हणतो. असल्या माणसाबरोबर गाडी चालवायची म्हणजे शिक्षाच आहे.

तू कोळशाचा माणूस. वांबोरीहून विळदचा चढ चढताना मागं भरलेल्या वाघिणी असायच्या, पुढं भट्टीचं तोंड उघडं, आणि तू तळहातावर थुंकून फावडं उचलायचास. मी वाफेच्या काट्याकडे बघायचो आणि तू माझ्या तोंडाकडे. काटा खाली आला की माझं तोंड वाकडं होतं असं तुझं म्हणणं. "काट्याकडं कशाला बघू उस्ताद, तुमचं थोबाड हाय की समोर," म्हणायचास. चढ संपला की तेच फावडं गरम पाण्यानं धुऊन त्यावर अंडी फोडायचास. त्या अंड्यांना कोळशाचा वास यायचा. "मीठ कमी हाय, पर राख लई हाय," असं म्हणून मोठा घास मला द्यायचास. तेव्हा मी तुला एकदाही चांगलं म्हटलं नाही. अंडी झकास असायची, दाविद.

आणि पाणी. राहुरीच्या अलीकडे ते एक लहान स्टेशन आहे, जिथं आपल्याला बाजूच्या लायनीवर घालून समोरची गाडी येईपर्यंत बसवून ठेवतात. नाव लिहीत नाही. मास्तर भला आहे, त्याच्या मागं चौकशी नको. तिथं इंजिन थांबलं की बाया घागरी घेऊन यायच्या. कोळशावर पाणी मारायची जी नळी असते ती तू खाली सोडायचास आणि एकेकीची घागर भरून द्यायचास. नियमात बसत नव्हतं. मास्तर तेवढ्या वेळात सिग्नलच्या दिव्यांचं काहीतरी बघायला आत जायचा, गार्ड मागच्या डब्यात पेपर वाचायचा, आणि मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून शेतं बघायचो. शेतात काही नसायचं बघायला. कोमट, तेलकट वासाचं पाणी ते, पण बाया म्हणायच्या, निवलं की चांगलं लागतं. म्हातारी भिमाबाई सगळ्यांच्या पुढं. तिला तू "मावशे" म्हणायचास, आणि ती तुला "इंजिनवाल्या" म्हणायची. तुझं नाव तिला पुष्कळ दिवसांनी कळलं.

मग तुला खोकला लागला. आधी तू म्हणालास सर्दी आहे. मग म्हणालास तंबाखू बदलली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं छातीला नळी लावून बघितलं आणि मला बाजूला बोलावून सांगितलं, की याच्या छातीत कोळसा बसला आहे, आणखी फावडं मारलं तर हा माणूस टिकत नाही. त्याच सुमारास डिझेल आलं. मी शेडमध्ये सगळ्यांची डोकी खाऊन तुझं नाव शिकणाऱ्यांत घातलं. तुला ते आवडलं नाही. "माझं हातचं काम काडून घेतलंत उस्ताद," म्हणालास. मी म्हणालो, काम काढलं नाही, फावडं काढलं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. मला तू जिवंत हवा होतास, बस्स, एवढंच माझं गणित होतं.

मला डिझेल पहिल्या दिवसापासून आवडलं, हे तुला माहीत आहे. डब्ल्यूडीएम-टू. बनारसची बांधणी, लांबलचक पाठ, पोटात सोळा सिलिंडरचं धूड. त्या धुडानं वीज करायची आणि त्या विजेनं खालच्या मोटरी फिरायच्या. ना राख, ना ठिणगी. हँडल एकेक नॉच पुढं सरकवलं की आख्खी गाडी मुकाट्यानं मागं यायची. विळदच्या ज्या चढाला आपला घाम निघायचा तो चढ हिनं नुसतं गुरगुरत काढला, तेव्हा मी तुझ्याकडे बघून हसलो. पांढरा शर्ट घालून ड्यूटीला यायला लागलो. "आमचा नवरदेव आला," म्हणून तू रनिंग रूममध्ये सगळ्यांना हसवलंस. आणि स्वतः मात्र गाडी सुटताना जुन्या सवयीनं तळहातावर थुंकायचास, आणि मग त्या हाताचं काय करावं ते न कळून पँटला पुसायचास. जेवायचा डबा इंजिनाच्या गरम पाइपाजवळ ठेवायची युक्तीही तूच काढलीस. भाजीला तेलाचा वास यायचा. त्यावर चार दिवस भांडलो आपण.

खरं भांडण त्या स्टेशनात सुरू झालं. बहात्तरच्या दुष्काळाची ती पहिलीच झळ होती. पाऊस गेला होता, विहिरी गेल्या होत्या, माणसं खडी फोडायच्या कामावर जात होती आणि आपण मागं मिलोच्या, त्या अमेरिकेच्या लाल ज्वारीच्या, वाघिणी घेऊन हिंडत होतो. डिझेल घेऊन पहिल्यांदाच तिथं थांबलो तर बाया नेहमीसारख्या घागरी घेऊन आल्या. त्यांना काय, इंजिन म्हणजे इंजिन. तू खाली वाकून सांगितलंस, "मावशे, हिच्यात पानी नसतंय. ही तेलावर चालती."

भिमाबाईनं इंजिनाखाली बोट दाखवलं. "मंग ह्ये काय गळतंय? मला आंधळी समजतो व्हय रे?"

गळत होतं खरंच. इंजिन थंड ठेवायला आत पाणी खेळवतात, त्याच्या पंपातून टिपटिप चालली होती. पण त्या पाण्यात गंज चढू नये म्हणून औषध घातलेलं असतं. पिवळसर दिसतं, आणि पोटात गेलं तर माणूस दगावेल. तू हे सांगायला तोंड उघडेपर्यंत भिमाबाईनं घागर खाली लावली, आणि दुसरी एक बाई ओंजळ धरून बसली, ओंजळ तोंडाकडे न्यायला लागली. तू वरून उडीच मारलीस. त्या बाईच्या हाताला फटका मारलास आणि भिमाबाईची घागर पायानं उलटी केलीस. हात रिकामा नव्हता म्हणून पायानं.

दुष्काळात बाईची घागर लाथेनं पालथी घातली! ती म्हातारी तुला काय काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. "तुज्या घरात कुनी पानी पाजायला राहू नये," असंही म्हणाली. तू ईख, ईख, विष हाय, असं ओरडत होतास, पण तिला वाटलं रेल्वेचं पाणी वाचवतोस. शेवटी मास्तरांनी येऊन समजावलं तेव्हा ती गप्प झाली. पण घागर उचलून निघून गेली, तुझ्याकडे न बघता.

त्या दिवशी राहुरीपर्यंत तू आपल्या पायाकडंच बघत बसलास. मी म्हणालो, अरे जीव वाचवलास तिचा. तू म्हणालास, "पाय लागला ना, उस्ताद." बस, एवढंच.

पुढच्या खेपेला नगरला मी सही करून इंजिनावर आलो तर आत पत्र्याचे डबे. ऑइलचे रिकामे डबे तू राखेनं आणि सोड्यानं घासून घासून आणले होतेस आणि फलाटाच्या नळावर भरून वर चढवले होतेस. प्रत्येक डब्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. मी ओरडलो. इंजिनात असलं काही ठेवायचं नाही, इन्स्पेक्टर आला तर तुझी नोकरी जाईल. तू म्हणालास, "आमी नोकरी पान्यावरच केली की इतकी वर्सं." मी म्हणालो, डॉक्टरनं जड उचलायला मना केलंय. तू म्हणालास, "डॉक्टरनं फावडं म्हटलं हुतं. डबा न्हाई म्हटला."

असा वकील होतास तू.

भिमाबाई त्या खेपेला लांबच उभी राहिली. तू डबे खाली उतरवलेस, सगळ्यात शेवटचा डबा घेऊन तिच्याकडे चालत गेलास आणि तिच्या घागरीत स्वतः ओतलास. घागर काठोकाठ भरल्यावर ती म्हणाली, "नाव काय रं तुजं?" तू सांगितलंस. तिनं दोनदा म्हणून बघितलं, "दाविद, दाविद," आणि म्हणाली, "किरिस्ताव हाईस व्हय. बरं."

तेव्हापासून प्रत्येक खेपेला डबे. आणि प्रत्येक खेपेला आपलं भांडण. ते भांडण तुला आठवतं तसंच मी पुन्हा मांडतो, कारण मी अजून हरलेलो नाही. मी म्हणायचो, दाविद, या डिझेललाच नावं ठेवतोस, पण वाफेचं इंजिन असतं तर या दुष्काळात त्याला पाजायला पाणी कुठून आणलं असतं? निम्म्या मालगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या असत्या. ही बया घोटभर पाणी न पिता गावोगाव धान्य नेते, हे पुण्य नाही का? तू ऐकून घ्यायचास. मग म्हणायचास, "आन ते धान्य शिजवायचं कशात, उस्ताद?"

यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. पण उत्तर सापडलं नाही म्हणजे मी चुकलो असं होत नाही. डबे दुसरा कुणीही उचलू शकला असता. मी उचलायला लागलो तर तू हातातून ओढून घ्यायचास. पाय माझा लागला होता, म्हणायचास, तुमचा न्हाई. तुझ्या छातीचा भाता वाजायचा, मला इंजिनाच्या आवाजातसुद्धा ऐकू यायचा, आणि तू तोंड फिरवून इंजिन थंड ठेवायच्या पाण्याचा हौद असतो त्याच्या काचेतली पातळी बघायला जायचास, म्हणजे मला तुझा खोकला दिसू नये.

शेवटच्या खेपेला पहिलाच डबा उतरवून तू खडीवर बसलास. मला वाटलं दम घेतोस. मग तू तोंडावर धरलेलं डब्याचं फडकं लाल दिसलं. भिमाबाईनं तुला मांडीवर घेतलं आणि त्याच डब्यातल्या पाण्यानं तुझं तोंड पुसलं. समोरून आलेल्या पॅसेंजरनं तुला नगरला पाठवलं. मला तुझ्याबरोबर येता आलं नाही. मागं वाघिणी होत्या, आणि गाडी सोडून जायचं नसतं.

दवाखान्यात भेटायला आलो तेव्हा तू अर्धा झाला होतास. पहिला प्रश्न काय, तर "डबे माघारी आनले का?" मी म्हणालो आणले, पण तू ते पुन्हा उचललेस तर मीच तुला इंजिनातून खाली ढकलीन. तू हसलास, हसता हसता खोकलास, आणि सिस्टरनं मला बाहेर काढलं. तुला काय काय म्हणायचं होतं ते सगळं ठरवून गेलो होतो. धमकी तेवढी देता आली.

तुझ्या लोकांनी तुला गाणी म्हणत नेलं. मला ती गाणी येत नाहीत. मी मागं उभा राहिलो. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली, मला कळेना आपण टाकायची की नाही, कुणाला विचारणार? शेवटी सगळे वळल्यावर टाकली. तुझी बायको जाऊन किती वर्षं झाली, मूलबाळ नाही, त्यामुळं सगळं तुझ्या थोरल्या भावानं केलं, तो शेवगावकडं शाळामास्तर आहे तो. सज्जन माणूस. डोळे तुझ्यासारखेच. तो हात जोडून जवळ आला आणि म्हणाला, "आपण ऑफिसकडून आलात का?"

मी म्हणालो, हो.

अजून माझ्या डोक्यात ते "हो" फिरतंय. दुसरं काय सांगायचं होतं? तुझ्याबरोबर मी जितके तास काढले तितके बायकोबरोबर नाही काढले, सख्ख्या भावाबरोबर तर नाहीच. पण त्या नात्याला नाव काय? मी ऑफिसात रजा मागायला गेलो. क्लार्क चांगला आहे आपला, त्यानंही मान हलवली. "रक्ताचं कुणी असतं तर लिहिलं असतं. सोबतीच्या माणसासाठी रजा कुठल्या कलमात घालू?" घरी येऊन आंघोळ केली. ना सुतक, ना शेजारच्या घरून भाकरी, ना कुणी येऊन जवळ बसणं. बायकोनं नेहमीसारखं ताट वाढलं, कारण आमच्या घरी कुणी मेलेलं नव्हतं. मी दोन घास खाल्ले आणि उठलो. घरात आपलंच माणूस गेलेलं असावं आणि ते फक्त आपल्यालाच ठाऊक असावं, असं झालं मला.

काल पहिली ड्यूटी होती. डबे तिथंच होते, इंजिनातून काढून शेडच्या भिंतीशी लावलेले. मी घेतले नाहीत. रागावलो होतो मी, त्या डब्यांवर, त्या बायांवर, तुझ्यावर. म्हटलं, पाणी पोचवून काय मिळवलंस? एक माणूस घालवला आणि घागरी दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकाम्याच. नवा माणूस बाजूला बसून सिग्नल सांगत होता आणि मी हूं हूं करत होतो. त्या स्टेशनात आपल्याला थांबवू नये, सरळ सोडावं, अशी मी सगळ्या देवांची मनधरणी करत होतो. तुझ्या देवाचीसुद्धा. त्या बायांना तोंड कसं दाखवू? तो मेला हे सांगायचं, आणि पाणीही आणलं नाही हेही सांगायचं.

बाजूच्या लायनीवर घातलंच. बाया होत्या. पण एकीच्याही डोक्यावर घागर नव्हती. मास्तरांनी सांगितलेलं असणार. भिमाबाई पुढं आली, पदराखाली काहीतरी झाकलेलं. वर बघून म्हणाली, "दाविदाच्या घरचं कोन हाय हितं?"

नवा माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी हँडलवरचा हात काढला आणि शिडी उतरून खाली आलो.

तिनं कडू घास आणला होता, दाविद. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आपल्याकडे भावकीतले, शेजारचे भाकरी घेऊन जातात, तो. मिलोची लाल भाकरी, त्यावर पिठल्याचा गोळा. तुझं घर कुठं ते त्या बायांना ठाऊक नव्हतं. त्यांना तुझं एवढंच घर माहीत होतं, हे इंजिन. त्यांनी घास तिथं आणला. दुसरी बाई तांब्या घेऊन उभी होती, तीच, जिच्या ओंजळीवर तू फटका मारला होतास. तिनं माझ्या हातावर पाणी घातलं. मी हात मागं घेतला, म्हणालो, बाई, पाणी राहू दे, घरी लागेल. भिमाबाई माझ्यावर खेकसली.

"गप ऱ्हावा. आमी काय कोरड्या हातानं जेवू घालू व्हय? त्यानं आमाला कवा कोरडं धाडलं?"

मी त्या खडीवर बसलो. भाकरी जाड होती. भिमाबाई समोर उकिडवी बसली आणि एकेक घास जाईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी रडायला लागलो तसं तिनं भाकरीचा पुढचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला, एवढंच. समोरची गाडी येऊन निघून गेली. आपला सिग्नल पडला, वाट मोकळी झाली. नव्या माणसानं वरून दोनदा सांगितलं. मी ऐकलं आणि बसून राहिलो. तुला माहीत आहे, सिग्नल पडल्यावर एक मिनिट गाडी थांबवलेली नाही मी आयुष्यात.

शेवटी गार्ड मागच्या डब्यातून उतरून आख्खी गाडी चालत पुढं आला. घामाघूम झाला होता. "काय झालं काय? कंट्रोलला काय सांगू, का थांबलात?"

माझ्या तोंडात घास होता. तसाच म्हणालो, "सांगा त्यांना. भाऊ गेलाय माझा."